भगतभाऊंचा प्रवेशअर्ज

भगतभाऊंना कुणी काही सांगायला लागलं की त्यांचा उजवा हात आपसूक खिशाकडे जायचा. खिशात तीन पेनं असत, निळं, काळं आणि लाल. सांगणारा घरचा असो, गल्लीतला असो की दारावर आलेली भाजीवाली असो, पेन निघायचंच. कागद नसला तर तळहातावर लिहीत. सांगून झालं की लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवत आणि विचारत, "असंच म्हनलं न तुमी?" समोरच्याचा होकार आल्याशिवाय पेन परत खिशात जात नसे. बोरी अरबला आमची घरं समोरासमोर होती. पहिल्या वर्षी मला या सवयीचं हसू यायचं, दुसऱ्या वर्षी वैताग यायला लागला. किराण्याला निघालेला माणूस "अर्धा किलो साखर, पाव किलो शेंगदाने, बरोबर?" असं बायकोला चार चार वेळा विचारतो, हे रोज खिडकीतून ऐकून पाहा, म्हणजे कळेल. आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं, आणि त्या वैतागाची मला लाज वाटते.

ते पोलिसात हेड कॉन्स्टेबल होते, पण उभ्या नोकरीत त्यांनी काठीपेक्षा पेनच जास्त चालवलं. ठाण्यात लिखापढी करणाऱ्याला आमच्याकडे मोहरर म्हणतात. साहेब येतात, साहेब जातात, मोहरर मात्र टिकून असतो, कारण कुठला कागद कुठे आहे ते त्यालाच ठाऊक. भगतभाऊंचं अक्षर छापल्यासारखं होतं. डाव्या बाजूला चार बोटं समास सोडलेला, आणि पानभर खाडाखोड नाही. तांड्यावरचा बंजारा असो, पोडावरचा कोलाम असो की दारव्ह्याचा व्यापारी, जो तो त्यांच्यासमोर बसून आपापल्या भाषेत बोलायचा आणि कागदावर सगळे एकाच भाषेत उतरायचे. सुरुवात "मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की" अशी, आणि शेवट "माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे" असा. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही नसते, अंगठाही नसतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ते सांगणं त्याचंच आहे याला आधार एवढाच, ती शेवटची ओळ.

"कागद बोलते मॅडम, मानूस नाई बोलत," असं ते नेहमी म्हणायचे. मी दारव्ह्याच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून मी मॅडम. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

एकदा गल्लीत शेळीवरून जुंपली. एकाच्या शेळीनं दुसरीच्या अंगणातलं तुरीचं कुटार खाल्लं, आणि शेळीवरून गोष्ट दोघांच्या खानदानापर्यंत गेली. भगतभाऊ ड्युटीवरून येऊन नुकतेच बनियनवर बसले होते. दोघांना ओट्यावर बोलावलं, एकेकाला बोलू दिलं, आणि सगळं शब्दाला शब्द लिहून घेतलं, शिव्यांसकट. मग वाचून दाखवलं. शेळीवाल्यानं आपलंच बोलणं ऐकलं आणि मान खाली घातली. म्हणाला, हे दोन शब्द तेवढे काढा. भगतभाऊ म्हणाले, काढतो, पण मग तूच म्हण की हे मी बोललो नाही. तो काही तसं म्हणेना. कुटारवाली बाई एका कानानं बहिरी होती, तर तिला तिचं बोलणं दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा त्या चांगल्या कानाशी वाकून. शेवटी चहा झाला, कागद फाडले आणि शेळी खुंट्याला गेली. आम्ही सगळे हसत घरी आलो. साध्या शेळीसाठी हा माणूस इतका जीव का काढतो, असा विचार माझ्या मनात आला होता, पण मी विचारलं नाही.

मग नवे कायदे आले आणि कलमांचे आकडे बदलले. तीनशे दोनचं एकशे तीन झालं, चारशे वीसचं तीनशे अठरा. तीस वर्षं जिभेवर बसलेले आकडे एका दिवसात मोडीत निघाले. भगतभाऊंनी एक वही केली, डावीकडे जुना आकडा, उजवीकडे नवा, आणि सकाळी अंगणात येरझाऱ्या घालत शाळेतल्या पोरासारखं पाठांतर सुरू केलं. कांतावहिनी, म्हणजे त्यांची बायको, झाडता झाडता त्यांच्या पायात केरसुणी घालायच्या. त्याच दिवसांत एका दुपारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, कॉलेजचा फॉर्म भरायचा आहे. मला वाटलं नातवाचा. ते म्हणाले, नाही, माझाच. फौजदारी न्याय प्रशासनात एम.ए. दर शनिवारी-रविवारी वर्ग. फॉर्म ऑनलाइन होता आणि कॉम्प्युटर माझ्याकडे होता.

गल्लीला आठवडाभर करमणूक झाली. कुणी म्हणे जमादार आता फौजदार होणार. कुणी म्हणे नव्या कलमांची धास्ती घेतली. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला माणूस शिकून काय करणार, हा प्रश्न सगळ्यांचाच होता. वहिनी म्हणाल्या, "नातू बालवाडीत अन आजा एम्मेत. डबे सोबतच बांधून देतो." भगतभाऊ हसले नाहीत. त्यांनी बी.ए. नोकरीत असतानाच बाहेरून केलं होतं, त्याची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, करा सुरू.

नाव, गाव, जात, जन्मतारीख, सगळं सुरळीत भरून झालं. शेवटी एक मोठा रिकामा चौकोन होता. या अभ्यासक्रमाला तुम्हाला प्रवेश का हवा आहे, ते पाचशे शब्दांत लिहा. असले चौकोन भरण्यात माझा हातखंडा आहे. दरवर्षी पोरं येतात, त्यांना मी लिहून देते. भगतभाऊंना चार प्रश्न विचारले आणि अर्ध्या तासात झकास मजकूर उतरवला. लहानपणापासून न्यायाची ओढ, गणवेशाचा अभिमान, बदलत्या काळाची आव्हानं, समाजाप्रती बांधिलकी. मोठ्यानं वाचून दाखवला. तोवर मलाही त्यांची सवय लागली होती. भगतभाऊंनी डोळे मिटून ऐकलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पन हे मी म्हनलो नाई."

पुढच्या रविवारी ते स्वतः लिहिलेली फुलस्केपची चार पानं घेऊन आले. समास चार बोटं, खाडाखोड नाही. मी वाचायला लागले आणि दुसऱ्या पानावर थांबले. वर पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची होती. तेव्हा ते झरी जामणीकडच्या एका ठाण्यात होते. एका शेतात खून झाला. संशय एका कोलाम पोरावर आला, मारोती त्याचं नाव, वय बावीस. त्याच्या घरातून कुऱ्हाड जप्त केली. पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, जाऊन एका दिवसात अकरा जबाब घ्यायचे होते आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत कागद हवे होते. मारोतीच्या आईला कोलामीशिवाय भाषा येत नव्हती. दोन्ही भाषा चांगल्या जाणणारी अंगणवाडीची बाई त्या दिवशी गावाला गेलेली. मग तिथल्या दुकानदाराला बसवलं, त्याला मीठ-तेल विकण्यापुरती कोलामी येत होती. म्हातारी बोलायला लागली. पंधरा मिनिटं बोलली. मधूनच खाटेकडे हात करी, मडक्याकडे करी, आपल्या कपाळाला हात लावून दाखवी. तिचं बोलून झाल्यावर दुकानदार म्हणाला, तिला काही माहीत नाही म्हणते.

भगतभाऊंनी लिहिलं, घटनेच्या दिवशी माझा मुलगा कुठे होता ते मला माहीत नाही. आणि खाली ती नेहमीची ओळ लिहिली. वाचून काही दाखवलं नव्हतं. कुठल्या भाषेत दाखवणार? पण ती ओळ हात आपोआप लिहायचा, जबाब संपला की पाणी प्यावं तितक्या सहज. त्यात वाईट हेतू नव्हता, असं त्यांनी कागदावर लिहिलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं की हेतू नव्हता म्हणून काही फरक पडला नाही.

कुऱ्हाड तिच्या घरातून निघाली म्हणून म्हातारीला सरकारनंच साक्षीदार केलं होतं. कोर्टात नीट दुभाषी मिळाला. ती म्हणाली, त्या दिवशी पोरगा तापानं फणफणला होता, खाटेवर पडून होता, मी दिवसभर त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते. सरकारी वकिलानं विचारलं, मग पोलिसांना माहीत नाही असं का सांगितलं? तिनं सांगितलं, मी हेच सांगितलं होतं. तेव्हा मोहररला साक्षीला बोलावलं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, जबाब तिला वाचून दाखवला होता का? भगतभाऊ हो म्हणाले. तिच्या भाषेत? त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. म्हणाले, हो, दुभाष्यामार्फत. पोराला वाचवायला आई आता उलटली, असं कोर्टानं धरलं. मारोतीला जन्मठेप झाली. अपील झालं, ते वरच्या कोर्टात अजून चालू होतं. म्हातारी चार वर्षांपूर्वी वारली.

वाचून झाल्यावर मला पहिला आला तो राग. मी विचारलं, इतकी वर्षं गप्प कसे राहिलात? ते म्हणाले, कुणी विचारलंच नाही. साहेबांनी नाही, वकिलानं पुन्हा नाही, घरी नाही. या फॉर्मनं विचारलं. तुम्हाला का शिकायचं आहे? तर खरं कारण हेच. अशा वेळी काय करायचं असतं ते कुठल्या तरी पुस्तकात लिहिलं असेल, आणि आपण ते शिकायला हवं होतं, असं त्यांना वाटत होतं. विद्यापीठ म्हणजे काही कोर्ट नाही, तिथे मास्तर लोक असतात, ते ऐकून घेतील, अशीही एक भाबडी आशा होती.

मग माझा राग गेला आणि भीती आली. नोकरीतल्या माणसाला फॉर्मसोबत खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणजे हा मजकूर आधी साहेबांच्या टेबलावर जाणार. कोर्टात शपथेवर खोटं बोलल्याची कबुली, स्वतःच्या अक्षरात. नोकरी जाईल, पेन्शन अडकेल, कदाचित खटलाही होईल. मी त्यांना हे सगळं समजावलं, आणि ज्याची आठवण मला आजही खाते ते वाक्य बोलले.

"भगतभाऊ, दोन वर्षं थांबा. रिटायर व्हा. मग काय लिहाचं ते लिहा."

त्यांनी पानं गोळा केली, कडा जुळवल्या.

"तो बी थांबूनच राह्यला न, मॅडम," ते म्हणाले.

मग आम्ही टाइप करायला बसलो. मजकूर हजारावर शब्दांचा झाला आणि चौकोन पाचशेच्या पुढे घेईना. काय कापायचं ते मला सुचेना. त्यांची तीस वर्षांची सेवा, दोन बक्षिसं, बदल्या, बाहेरून केलेलं बी.ए., अर्धा भाग त्यातच होता, आणि प्रवेश मिळायचा तर त्याच जोरावर मिळणार होता. भगतभाऊंनी क्षणभरही विचार केला नाही.

"माही तीस वर्षं काढून टाका. बुडी माय राहू द्या."

ना हरकत मिळाली नाही. अर्जाची प्रत साहेबांकडे गेली त्याच्या चौथ्या दिवशी त्यांना जिल्ह्याला बोलावणं आलं. एका अधिकाऱ्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं म्हणे, नव्यानं दुसरा अर्ज द्या, हा आम्ही पाहिलाच नाही. भगतभाऊ नको म्हणाले. मग निलंबनाचा कागद आला, चौकशी लागली. मला म्हणाले, प्रमाणपत्राशिवाय अर्ज पाठवून द्या. मी बटण दाबलं. महिनाभरानं माझ्या ईमेलवर दोन ओळींचं उत्तर आलं, आवश्यक कागदपत्र न जोडल्यानं अर्ज अपूर्ण असून तो विचारात घेतलेला नाही. त्या पाचशे शब्दांपैकी एक तरी तिथे कुणी वाचला का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

कांतावहिनींनी माझ्याशी बोलणं सोडलं. एकदाच दारातून म्हणाल्या, "तुमच्याच कम्प्युटरवर झालं न हे सारं." खोटं काय होतं त्यात?

पण एकदा लिहिलेला कागद घरात पडू देणं भगतभाऊंच्या स्वभावात नव्हतं. तीच पानं घेऊन ते नागपूरला मारोतीच्या वकिलाकडे गेले. वकिलानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, याचं शपथपत्र करून देता? ते हो म्हणाले. अपिलात ते दाखल झालं. गरज पडली तर कोर्ट तुम्हाला पुन्हा बोलावील, असं वकिलानं सांगितलं. त्या दिवशी ते परत आले तेव्हा दाढी केलेली होती आणि इस्त्रीचा शर्ट अंगात होता, एवढं मला आठवतं.

मग त्यांनी जेलात जाऊन मारोतीची भेट मागितली. भेट मिळाली. मी जाऊ नका म्हणाले होते. पोरगा थुंकेल तुमच्यावर, असं माझ्या तोंडून गेलं. ते म्हणाले, थुंकू द्या की. पण मारोतीनं आधी त्यांना ओळखलंच नाही. इतक्या वर्षांत जेलात राहून तो मराठी शिकला होता, वाचताही येत होतं. भगतभाऊंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आईला पंधरा मिनिटं बोलू दिलं, लिहिली एकच ओळ, वाचून दाखवली नाही, आणि कोर्टात खोटं बोललो. पोरगा शांतपणे ऐकत होता. भगतभाऊंना वाटलं आता शिवी येईल, आणि ती यावी असंही वाटलं. मारोतीनं एवढंच विचारलं, "साहेब, माय तितका येळ काय बोलली?"

भगतभाऊंना ते माहीत नव्हतं. अटकेनंतर त्या पोरानं आईला पाहिलं ते बहुतेक कोर्टातच, तेही पोलिसांच्या पलीकडून. जेलात भेटायला ती दोनदाच येऊ शकली. त्या अंगणात तिनं त्याच्यासाठी काय काय सांगितलं, कुणाची नावं घेतली, कशाची शपथ घातली, हे जगात एकाच माणसानं लिहून ठेवायला हवं होतं. हे सांगताना भगतभाऊ माझ्या ओट्यावर बसून रडले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

पुढे तीन महिन्यांनी ते सकाळी अंगणात बसल्या जागी गेले. दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही. मी वकिलाला फोन केला. ते म्हणाले, माणूसच नाही तर उलटतपास कुणाचा घेणार, त्या शपथपत्राचं वजन आता फार राहत नाही. अपिलाची तारीख अजून पुढेच जाते आहे. मारोती आतच आहे.

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्याआधी पंधरा-वीस दिवस, दारव्ह्याच्या बसस्टँडवर. कॉलेज सुटलं होतं. ते पांढरकवड्याच्या गाडीची वाट पाहत उभे होते, हातात कापडी पिशवी आणि काखेत कोरी वही. कुठे निघालात विचारलं, तर पोडावर म्हणाले, तिसऱ्यांदा. दुकानदार केव्हाच मेला होता. पण त्या दिवशी अंगणात आणखी माणसं उभी होती, शेजारच्या बाया होत्या, लेकरं होती, ती लेकरं आता मोठी झाली असतील. एकेकाच्या घरी जाऊन विचारायचं, म्हातारी काय बोलली ते. अंगणवाडीची बाई या खेपेला सोबत यायला तयार झाली होती.

मी म्हटलं, इतक्या वर्षांनी कुणाला आठवत असेल? दोन खेपा झाल्या, काही मिळालं का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गाडी लागली तशी माणसं दाराशी रेटायला लागली. भगतभाऊंनी वही छातीशी धरली आणि पाय वर टाकला.

"नसन आठवत," ते दारातून म्हणाले. "पन मारोतीले सांगाले मले जा लागते न, का इचारून पाह्यलं म्हनून."